पसरणीचा घाट आणि खिशातला मोजणीदार

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी ओलांडली की सुरूरचा फाटा लागतो. तेथे हमरस्ता सोडून उजवीकडे वळले की दहा-अकरा किलोमीटरांवर वाई. हिवाळ्यात या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा असतो, मधूनमधून हळदीची शेते दिसतात, आणि पहाटे रस्त्यावर तीन प्रकारची वाहने भेटतात. भुईंजच्या किसन वीर कारखान्याच्या बाजूला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेल्या मोटारसायकली, आणि महाबळेश्वरला निघालेल्या पर्यटकांच्या मोटारी. तिघांची घाई वेगवेगळी, पण रस्ता मात्र एकच.

वाई, पसरणीचा घाट, पाचगणी आणि भिलार असा हा पट्टा माझ्या पायाखालचा आहे. कृषी विस्ताराच्या नोकरीत स्ट्रॉबेरीच्या प्लॉटवर जायचे म्हणजे हाच रस्ता. गेल्या गळीत हंगामात मात्र या वाटेने एक निराळाच प्रवास घडला, म्हणून तो वाचक बंधू-भगिनींना सांगावासा वाटतो.

आमचा पुतण्या गावी रोज पहाटे डेअरीला दूध घालतो. शंभर सीसीची मोटारसायकल आणि वीस-वीस लिटरचे दोन कॅन. त्याला भिलारची स्ट्रॉबेरी पाहायची होती, म्हणून बरोबर घेतले. निघताना त्याने मोबाइल पुढे केला. म्हणाला, "काका, यात एक अ‍ॅप घेतलंय. गाडीचा पिकअप किती ते सांगतं. शून्यापासून साठच्या वेगाला किती सेकंद लागतात ते बघू. मित्राची गाडी सात सेकंदांत जाते म्हणे."

मी म्हणालो, "जरूर मोजू. पण मोजायचेच तर पीक-कापणीच्या प्रयोगासारखे नीट मोजू. आणि पिकअप मोजू तसा ब्रेकही मोजू." त्याला दुसरी गोष्ट फारशी रुचली नाही, पण काकाचे ऐकावे लागले.

फोनला वेग कळतो कसा?

आता हा फोन वेग मोजतो कशाने, ते आधी समजून घेऊ. त्यात दोन मोजणीदार बसलेले असतात. पहिला मोजणीदार आकाशाकडे कान लावून असतो. उपग्रहांकडून येणाऱ्या लहरी तो ऐकतो. रेल्वेची शिट्टी आपल्याकडे येताना बारीक आणि दूर जाताना जाड ऐकू येते, तसाच सूक्ष्म फरक या लहरींत पडतो आणि त्यावरून वेग निघतो. हा मोजणीदार प्रामाणिक आहे, पण संथ आहे. बहुतेक फोनांत तो सेकंदाला एकदाच माप देतो. अ‍ॅप मात्र पडद्यावर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत आकडे दाखवते. कांद्याच्या वजनकाट्यावर सोने तोलण्यासारखेच हे झाले. दोन गाड्यांमध्ये पाव सेकंदाचा फरक आला तर त्यावर पैज लावू नये.

दुसरा मोजणीदार म्हणजे प्रवेगमापक. फोन आडवा केला की चित्रही आडवे होते, ते याच्यामुळे. गाडी पुढे झेपावली की आपण मागे रेटले जातो. तो रेटा हा मापक सेकंदाला शंभरदा किंवा त्याहूनही अधिक वेळा मोजतो. पण त्याची एक अडचण आहे. त्याला चढ आणि झेप यांतला फरक कळत नाही. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढते अशा चढावर गाडी नुसती उभी केली, तरी हा मापक जवळजवळ अर्ध्या एककाचा प्रवेग दाखवील. शंभर सीसीच्या गाडीचा सरासरी प्रवेग दोन एककांच्या आसपास असतो. म्हणजे माप चौथाईने चुकले. शिवाय इंजिनाची थरथरही त्यात मिसळते, ती वेगळीच.

यासाठी आम्ही जर्मनीतील आखेन विद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' हे अ‍ॅप घेतले. ते २०१६ पासून उपलब्ध आहे आणि फुकट मिळते. फोनच्या आत जे मापक आहेत त्यांची कच्ची मापे ते आलेखासह समोर ठेवते. शाळा-कॉलेजच्या मुलांना पदार्थविज्ञानाचे प्रयोग करता यावेत हा त्याचा हेतू आहे. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर त्याला हे जरूर दाखवावे.

फाटकाआतील प्रयोग

रस्त्यावर अशा शर्यती लावायच्या नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हाच सांगितला आहे. वाईच्या अलीकडे माझ्या ओळखीच्या एका बागायतदारांच्या शेताला जाणारा त्यांचा स्वतःचा डांबरी पट्टा आहे, लांबी सुमारे पाव किलोमीटर. त्यांना विचारले, दोन्ही टोकांची फाटके लावून घेतली, कुत्री-पोरे आत नाहीत हे पाहिले. पुतण्याने हेल्मेट घातले, पायात बूट घातले, फोन जर्किनच्या आतल्या खिशात ठेवून चेन ओढली.

फोन हँडलला अडकवू नये, याला एक कारण आहे. मोठ्या इंजिनाची थरथर सतत बसली तर कॅमेऱ्याची आतली नाजूक यंत्रणा बिघडू शकते, असे आयफोन बनवणाऱ्या अ‍ॅपल कंपनीनेच २०२१ मध्ये जाहीर केले होते. आणि हँडलवर फोन असला की नजर रस्त्यावर न राहता आकड्यावर जाते. ते नुकसान कॅमेऱ्यापेक्षा मोठे.

शेतातल्या प्रयोगात आपण एकाच वाफ्यावर निष्कर्ष काढत नाही, तीन पुनरावृत्ती घेतो. तसेच येथे केले. तीन वेळा एका दिशेने, तीन वेळा उलट दिशेने. डोळ्यांना तो पट्टा सपाट दिसत होता. पण एका दिशेला आठ सेकंदांच्या आत साठचा वेग आला, आणि उलट जाताना पावणेनऊ लागले. डोळ्यांना न दिसणारा उतार यंत्राने पकडला! दोन्हींची सरासरी सव्वाआठ सेकंद. पुतण्या क्षणभर विचारात पडला, मग म्हणाला, "म्हणजे काका, मित्रानं उताराला मोजलं असणार." मी म्हणालो, "वारा पाठीशी असेल तरीही तसेच होते."

आणखी एक गोष्ट कळली. गाडीच्या मीटरवर काटा ५० वर असताना फोन ४६ सांगत होता. यात बिघाड काही नाही. प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये आणि थोडा जास्त दाखवला तर चालेल, अशाच रीतीने मीटर बनवलेले असतात.

मग बागायतदारांच्या गोठ्यातले दोन कॅन पाण्याने काठोकाठ भरून गाडीला लावले. कॅनसह पन्नास किलोच्या आसपास वजन वाढले. गाडी आणि स्वार मिळून पावणेदोनशे किलो होते, ते सव्वादोनशेवर गेले. आता साठला पोचायला साडेदहा सेकंद लागले. हिशेब अगदी सरळ आहे. बैल तोच आणि गाडीत पोती जास्त, तर चाल कमी होणारच.

खरा आकडा ब्रेकचा

पिकअपची हौस फिटल्यावर मी ब्रेकचा प्रयोग घ्यायला सांगितले. वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही, असे बजावले होते.

पहिल्यांदा त्याने रोजच्या सवयीने नुसता पायाचा ब्रेक दाबला. गाडी थांबायला वीस मीटरांहून अधिक अंतर गेले. दुसऱ्यांदा दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाब वाढवीत, लावायला सांगितले. आता बारा-तेरा मीटरांत गाडी उभी. गाडी, रस्ता आणि स्वार सारे तेच असून आठ मीटरांचा फरक पडला. आठ मीटर म्हणजे बैलगाडी बैलांसकट आडवी उभी राहील एवढी जागा.

याचे कारण असे. ब्रेक लागला की बरेचसे वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे चाक हलके होते. हलके चाक रस्ता धरीत नाही, घसरते. म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढच्या चाकाचे आहे. "पुढचा ब्रेक लावला की माणूस उलथतो" ही गावोगावची समजूत आहे. वाळूत, चिखलात किंवा वळणावर तो एकदम आवळला तर घसरगुंडी होते हे खरे. पण कोरड्या सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक मिळून लावायचे, हीच रीत. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची किंवा चाक न अडकण्याची सोय, आणि त्यावरच्या गाड्यांना चाक न अडकण्याची एबीएस सोय सक्तीची झाली ती याचसाठी. गावात मात्र त्याआधीच्या गाड्या अजून पुष्कळ फिरतात. तेथे दोन्ही ब्रेक आपणच लावायचे.

मग बांधावर बसून कागदावर हिशेब मांडला. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर हात-पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला. चाळीसच्या वेगात त्या एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते आणि पुढे थांबायला १२ मीटर लागतात. एकूण २३. साठच्या वेगात १७ आणि २८, एकूण ४५. ऐंशीच्या वेगात २२ आणि ४९, एकूण ७१. वेग दुप्पट केला की ब्रेकखालचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. हे सारे कोरड्या रस्त्याचे, दोन्ही ब्रेक नीट लागले तर. उसाच्या चाकांनी रस्त्यावर ओली माती आणलेली असेल, तर ब्रेकखालचे अंतर सहज दुप्पट होईल. कॅन भरलेले असतील आणि ब्रेकचे लायनर झिजलेले असतील, तर आणखी वाढेल. कॅन अर्धवट भरलेले असले तर दूध आत हिंदकळून गाडीला धक्के देते, ते निराळेच.

मी त्याला विचारले, "पहाटे तू कितीने जातोस?"

"साठ-पासष्ट, काका. दूध वेळेवर पोचायला हवं."

"आणि तुझ्या दिव्याच्या खालच्या झोतात किती लांबचे दिसते?"

त्याने समोरच्या नारळाकडे बोट केले. अंतर मोजले तर तीस मीटर भरले.

पुढे मला काही बोलावे लागले नाही. कागद त्याच्या हातातच होता. पहाटेच्या अंधारात, मागे दिवा नाही, तांबडी पट्टी नाही अशी उसाची ट्रॉली रस्त्याकडेला पंक्चर होऊन उभी असते. हे दृश्य आपल्या भागात कोणाला नवीन आहे? ती तीस मीटरांवर दिसली आणि थांबायला पंचेचाळीस मीटर लागले, तर पंधरा मीटर कमी पडतात. ते पंधरा मीटर कोठून आणायचे? चाळीसच्या वेगात मात्र तेवीस मीटरांत गाडी उभी राहते आणि सात मीटर शिल्लक उरतात. डेअरी गावापासून सहा किलोमीटरांवर आहे. साठने सहा मिनिटे लागतात आणि चाळीसने नऊ. तीन मिनिटांचाच काय तो सौदा.

घाटाची ताकद

वाईत कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे प्रचंड काम याच गावात उभे राहिले. ज्ञानाचा एवढा मोठा वाडा आपल्या शेजारी आहे याची जाण पोरांना असावी, म्हणून पुतण्याला सांगितले. पुढे घाटाच्या पायथ्याला पसरणी, शाहीर साबळ्यांचे जन्मगाव. तेथून चढ सुरू होतो.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटर. बारा किलोमीटरांत सहाशे मीटरांची चढण, म्हणजे सरासरी वीस मीटरांना एक मीटर. पुतण्याच्या फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा मापकही निघाला. सगळ्या फोनांत तो नसतो. पाचगणीला पोचेपर्यंत दाबाचा आकडा साठ-पासष्टने खाली आला होता. हवा विरळ झाली की इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि ताकद घटते. साधारण शंभर मीटरला एक टक्का, म्हणजे पाचगणीला सहा टक्के. वर गेल्यावर गाडी मंद वाटते ती उगीच नव्हे.

गाडी, आम्ही दोघे आणि पिशव्या मिळून अडीचशे किलोंच्या आसपास वजन होते. एवढे वजन वीस मिनिटांत सहाशे मीटर उंच उचलायचे, तर नुसत्या उचलण्यालाच दीड अश्वशक्तीहून थोडी अधिक ताकद लागते. वारा कापणे आणि चाकांचे घर्षण वेगळे. विहिरीवरच्या दीड-दोन अश्वशक्तीच्या मोटारीचे काम हे चिमुकले इंजिन तेथे करीत होते. म्हणून चढाला वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कुंथवू नये, एक गिअर खाली घ्यावा.

अर्ध्या घाटात थांबून मागे पाहिले. खाली कृष्णेचे खोरे, उसाचे हिरवे चौकोन आणि पलीकडे धोम धरणाचे पाणी. पाचगणीच्या अलीकडे सिडने पॉइंटवरून तर पांडवगड आणि मांढरदेवचा डोंगरही दिसतो. हेच पाणी कालव्यांनी खाली जाते आणि त्याचाच ऊस पहाटे ट्रॉल्यांतून रस्त्यावर येतो. घाटाच्या वळणावरून हा सारा प्रपंच एका नजरेत दिसतो.

पाचगणीचे जांभ्या दगडाचे पठार ओलांडून भिलारला गेलो. २०१७ च्या मे महिन्यात हे पुस्तकांचे गाव म्हणून जाहीर झाले. घराघरांतून मराठी पुस्तके मांडलेली आहेत आणि पाहुण्याने बसून वाचावीत अशी रीत आहे. परसात स्ट्रॉबेरीचे गादीवाफे, त्यांवर मल्चिंगचा कागद आणि खाली ठिबकच्या नळ्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या गावांच्या कष्टाचा वाटा मोठा. पुतण्याने फळाच्या प्रतवारीबद्दल चार प्रश्न विचारले, मला बरे वाटले. तेथल्या शेतकऱ्यांना फळ घाटातून खाली न्यायचे असते. हिसके बसले की मऊ फळ दबते. त्यामुळे गाडी किती झपाट्याने उचलते यापेक्षा किती अलगद चालते, हे त्यांच्या दृष्टीने मोलाचे. फोनच्या प्रवेगमापकावर हिसके स्पष्ट दिसतात. चालवणाऱ्याचा हात कसा आहे हे त्या आलेखावरून लगेच कळते.

उतरताना

परतताना घाटाच्या तोंडाशी दोन तरुण गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, इंजिन बंद करून उतरताना दिसले. पेट्रोल वाचवण्याची ही युक्ती गावोगाव चालते. तिचा हिशेब पाहा. चढताना इंजिनाने जी शक्ती खर्च करून आपल्याला सहाशे मीटर वर नेले, ती सारी उतरताना परत मिळते आणि कोठेतरी जिरवावी लागते. गाडी न्यूट्रलमध्ये असली तर वारा आणि चाकांचे घर्षण खातील तेवढी सोडून बाकी सगळी ब्रेकमध्ये जिरते. आमच्या अडीचशे किलोंचा तो हिशेब चार-साडेचार लिटर गार पाण्याला उकळी आणील एवढ्या उष्णतेचा होता. एवढ्याशा ड्रमने ती कोठवर सोसायची? लायनर तापले की ब्रेक गुळगुळीत होतो आणि ऐन वळणावर धरत नाही. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून उतरले तर इंजिनच तिला रोखून धरते. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत बहुतेक ठिकाणी पेट्रोल पिचकारीने सोडले जाते. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ती पिचकारी बहुधा आपोआप बंद होते. त्या गाड्यांत न्यूट्रलने पेट्रोल वाचते हीही समजूतच.

ज्यांच्या घरात मोटारसायकल आणि असा फोन दोन्ही आहेत, त्यांनी हे करून पाहावे. सार्वजनिक रस्ता सोडून आपल्या खळ्याकडच्या किंवा शेताकडच्या मोकळ्या पट्ट्यावर, हेल्मेट घालून, चाळीसच्या आत वेग ठेवून, जाणत्या माणसाच्या देखत ब्रेक मोजावा. फोन खिशात, आकडे नंतर. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा माप घेऊन सरासरी काढावी. एकदा रिकाम्या गाडीने, एकदा रोजच्या ओझ्यासह. मग रात्री अंगणात दिवा लावून किती मीटर दिसते ते पावलांनी मोजावे आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. अ‍ॅप नसेल तर चुन्याची रेघ आणि मोजपट्टीनेही हे काम होते. आणि ज्यांच्याकडे ट्रॉली आहे त्यांनी तिच्या मागे तांबड्या चकाकणाऱ्या पट्ट्या याच आठवड्यात लावून घ्याव्यात. पहाटे त्या रस्त्याने कोणाचा तरी पुतण्या दूध घेऊन येत असतो.